न उघडलेली जाळी

कुवेतमधल्या सालमियातल्या त्या फ्लॅटच्या एसी-सर्व्हिसच्या कागदांवर माझ्या सात सह्या होत्या. महिन्याला एक. प्रत्येक सहीच्या वर 'फिल्टर साफ केला' अशा अर्थाची इंग्रजीत छापलेली ओळ आणि तिच्यापुढे मी मारलेली टिक. त्या सात महिन्यांत मी तो फिल्टर एकदाही डोळ्यांनी पाहिला नव्हता.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, दोन वर्षं गोव्यात हॉटेलांचे एसी दुरुस्त केले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुवेतला गेलो. तिथल्या एका मेंटेनन्स कंपनीत टेक्निशियन म्हणून लागलो. राहायला जलीबला, एका खोलीत सहाजण. सकाळी कंपनीची गाडी आम्हाला उचलायची आणि ज्या त्या बिल्डिंगखाली सोडायची. माझ्याबरोबर एक मदतनीस असे, आंध्रातला, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, फार कमी बोलणारा माणूस. शिडी तो धरायचा, वर मी चढायचो.

कुवेतमध्ये एसी म्हणजे काय, हे इथे बसून सांगणं कठीण आहे. पंख्यासारखी ती सोयीची वस्तू नाही. मे ते सप्टेंबर एसी बंद पडला तर घरात माणूस राहू शकत नाही. त्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक फ्लॅटचं मशीन पॅसेजच्या फॉल्स सिलिंगमध्ये लपवलेलं होतं. खालून दिसायची ती फक्त एक चौकोनी जाळी. घरातली हवा त्या जाळीतून वर ओढली जाते, जाळीच्या मागे फिल्टर असतो, त्यात धूळ अडकते, मग हवा गार होऊन डक्टमधून पुन्हा खोल्यांत येते. घरातली माणसं दिवसभर तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेत असतात. म्हणून फिल्टर दर महिन्याला धुवायचा, तीन-चार महिन्यांनी बदलायचा, आणि धुळीचं वादळ येऊन गेलं की लगेच बघायचा. हे मला आयटीआयमध्ये शिकवलं होतं, गोव्यातल्या हॉटेलात माझ्याकडून करून घेतलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

कंपनीतली रीत मात्र वेगळी होती. कॉम्प्रेसर बंद पडला, गॅस गळला, छतातून पाणी ठिबकायला लागलं, की लोक फोनवर फोन करत. फिल्टरसाठी कुणी कधी फोन केला नाही. दिवसाला जेवढे फ्लॅट करायला सांगितलेले असत, तेवढे खरोखर जाळी उघडून केले तर निम्मेसुद्धा झाले नसते. पहिल्या महिन्यात मी प्रामाणिकपणे एकेक जाळी उघडत होतो. सुपरवायझरने मला गाडीजवळ बोलावलं आणि शांतपणे विचारलं की तू इथे सफाईला आलायस की कामाला. मग म्हणाला, "हवा ठंडी आ रही है ना? तो टिक मार और आगे चल." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर त्याच्या वरच्याचा दाब होता. मी हळूहळू टिक मारायला शिकलो, आणि एकदा हात बसल्यावर त्याचं काही वाटेनासं झालं.

तो फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. नोव्हेंबरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंनी मदतनिसाशी हिंदीत बोलता बोलता आतल्या मुलीला मराठीत काहीतरी सांगितलं. मी न राहवून मराठीत बोललो. त्यांचा चेहरा उजळला. ते कुटुंब नाशिकचं. नवरा पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी तिसरीत. नुकतेच त्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. बाई शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आसपासच्या मराठी मुलांना घरी जमवून मराठी शिकवत. मुलं शाळेत इंग्रजी बोलायची, घरीही आईवडिलांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. निदान आजी-आजोबांशी फोनवर दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून हा वर्ग.

वर्गासाठी त्यांनी दर सुट्टीत नाशिकहून गोष्टींची पुस्तकं आणली होती. ती सगळी एका उंच लाकडी कपाटात होती, आणि ते कपाट पॅसेजमध्ये उभं होतं, बरोबर जाळीच्या खाली. जाळी खाली झुलून उघडते. कपाटाचा माथा आणि जाळी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. म्हणजे फिल्टर काढायचा तर कपाट हलवायला हवं, आणि कपाट हलवायचं तर आधी पुस्तकं काढायला हवीत.

बाईंनी स्वतःच विचारलं, कपाट रिकामं करू का म्हणून. मी म्हणालो, राहू दे वहिनी, एवढं काही नाही, पुढच्या वेळी बघू.

खरं तर मी त्याच वेळी सांगायला हवं होतं की कपाट इथे ठेवूच नका, त्यानं हवा अडते. तेही मी बोललो नाही. त्यांनी चहा केला. बरोबर नाशिकचा चिवडा. मी आणि मदतनीस हॉलमध्ये सतरंजीवर बसलो आणि मी गावाकडच्या गोष्टी सांगितल्या. घरातल्या बाईमाणसाच्या हातचा चहा मी वर्षभरात प्यायलो नव्हतो. निघताना मी कागदावर टिक मारली आणि सही केली.

पुढे दर महिन्याला तसंच होत गेलं. मी त्या घरी जायची वाट बघायला लागलो. वहिनी मला 'दादा' म्हणत. कधी पोहे, कधी थालीपीठ. एकदा माझ्या आईला पाठवायला म्हणून त्यांनी घरचा मसाला बांधून दिला. त्या बसण्याला जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात कपाट रिकामं करून फिल्टर धुऊन झाला असता. हे गणित मी तेव्हा कधी मांडलं नाही. उलट आपलीच माणसं आहेत, ती तक्रार करणार नाहीत, असं मनाशी कुठेतरी होतं. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, किंवा कुवेती घरात मी भीतीपोटी कधीमधी जाळी उघडत होतो. आपल्या माणसांच्या घरी मला कसलीच भीती नव्हती.

मार्चमध्ये धूळ सुरू झाली. तिथे तिला तोझ म्हणतात. आभाळ आधी पिवळं होतं, मग विटकरी, आणि दुपारी दिवे लावावे लागतात. बंद दारांच्या फटींतूनही पिठासारखी धूळ आत येते, दातांखाली करकरते. त्या महिन्यात सगळ्यांनाच खोकला होता. वहिनींनाही झाला. बाकीच्यांचा गेला, त्यांचा राहिला.

एप्रिलमध्ये गेलो तेव्हा घर ओळखू येईना. हॉलमधला गालिचा नव्हता, पडदे काढलेले होते, सतरंजीसुद्धा उचललेली. देवासमोर उदबत्ती नव्हती. वहिनी बारीक झाल्या होत्या आणि बोलताना वाक्याच्या मध्ये थांबत होत्या. त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी म्हटलंय, दम्याची सुरुवात असू शकते. म्हणून धूळ धरणारी एकेक वस्तू त्यांनी घराबाहेर काढली होती. मिरचीची फोडणी बंद केली होती. साहेबांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, खिडक्यांच्या फटींना टेप लावली होती, आणि बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून एसी चोवीस तास चालू ठेवला होता.

शुक्रवारचा वर्गही बंद केल्याचं त्या म्हणाल्या. गोष्ट वाचून दाखवताना दम लागायचा, मुलं घाबरून बघत बसायची.

चहा त्यांनी तशातही केला. आम्ही पीत असताना त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि एक गोष्ट सांगितली. आदल्या शुक्रवारी ते सगळे दिवसभर समुद्रावर गेले होते, तिथे त्यांना अजिबात त्रास झाला नव्हता. घरी आल्यावर तासाभरात पुन्हा छाती भरली. सकाळी उठताना तर सगळ्यात वाईट असतं. मग त्यांनी मला सरळ विचारलं,

"दादा, या एसीतून तर काही येत नसेल ना?"

मी एसीचा मेकॅनिक. बाहेर बरं वाटतं आणि घरात शिरलं की छाती भरते, हे ऐकल्याबरोबर मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. डोळ्यांसमोर ते कपाट होतं. पण 'हो' म्हणायचं म्हणजे आधीच्या पाच सह्यांचं काय सांगायचं? मदतनिसाला मराठी येत नव्हती, तो खाली बघून चहा पीत होता.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "फिल्टर साफ आहे."

त्यांनी मान डोलावली. त्यांना बरं वाटलं, निदान एका शंकेचं निरसन झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते मला अजून दिसतं.

खाली उतरताना मी ठरवलं की पुढच्या महिन्यात काहीही करून कपाट हलवायचं आणि गुपचूप फिल्टर बदलायचा. दोन नवे फिल्टर मी स्टोअरमधून मागून घेतले आणि गाडीत आमच्या हत्यारांच्या पेटीमागे ठेवले. पण मेमध्ये उन्हाळा एकदम चढला. रोज कुठे ना कुठे कॉम्प्रेसर बंद पडत होते. गच्चीवरच्या मशीनला हात लावला की चटका बसे. त्या बिल्डिंगमध्ये त्या महिन्यात मला जेमतेम दोन तास मिळाले, आणि ते दोन तास गच्चीवरच गेले. सातवी सही मी जिन्यात उभा राहून केली. तिसऱ्या मजल्यावर मी थांबलोच नाही. खरं सांगायचं तर वेळ नव्हता एवढंच कारण नव्हतं. मला त्यांच्यासमोर जायचं नव्हतं.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी त्याच बिल्डिंगमधून तक्रार आली: तिसरा मजला, हवा कमी येते. खाली बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, दाराशी बसला होता. त्यानं मला बघून हातानं छाती धरल्याची खूण केली आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की तुमच्या त्या मॅडमला गेल्या आठवड्यात ॲम्ब्युलन्सनं नेलं, दोन दिवस हॉस्पिटलात होत्या, आता कायमच्या इंडियाला चालल्यात.

वर गेलो. दार वहिनींनीच उघडलं. साहेब ड्यूटीवर होते, मुलगी शाळेत. हॉलमध्ये खोकी बांधून ठेवली होती. पॅसेजमध्ये बघितलं आणि मी जागीच थांबलो. कपाट तिथे नव्हतं. पुस्तकं खोक्यांत गेली होती आणि कपाट कुणा ओळखीच्यांना देऊन टाकलं होतं. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा पट्टा राहिला होता, आणि वर जाळी. जाळीच्या पट्ट्यांवर काळी लव साचली होती. खालून, नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

मदतनिसानं शिडी लावली. मी चढलो, दोन खिट्ट्या फिरवल्या आणि जाळी खाली सोडली.

फिल्टर म्हणून जे काही होतं ते फिल्टरसारखं दिसत नव्हतं. करडा, जाड, घोंगडीसारखा थर, मध्ये पोट सुटल्यासारखा वर ओढला गेलेला. एक कोपरा चौकटीतून निसटला होता. म्हणजे कित्येक महिने धूळ अडतच नव्हती, त्या कोपऱ्यातून सरळ आत जात होती. मी टॉर्च मारला. मागच्या, हवा गार करणाऱ्या कॉइलवर चिखल बसला होता. त्या ओल्या चिखलावर बुरशी. खालच्या ट्रेमध्ये पाणी साचून शेवाळासारखा काळा लगदा झाला होता, आणि हवा त्याच्यावरून वाहत घरात येत होती. वास आला. बंद विहिरीतून यावा तसा.

मी फिल्टर खाली दिला. मदतनिसानं तो दोन्ही हातांत घेतला, वजन बघितलं आणि एवढंच म्हणाला, "भाई, ये तो कंबल है." मग त्यानं पटकन खिशातली काळी पिशवी काढली आणि फिल्टर तिच्यात कोंबायला लागला. त्याला सगळं माहीत होतं. इतके महिने तो माझ्याबरोबर शिडी घेऊन आला होता आणि शिडी न लावता परत गेला होता. माझ्यासाठी म्हणून तो पिशवी भरत होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी, पदर नाकाला लावून उभ्या होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. अजूनही मी काही बोललो नसतो तर चाललं असतं. परवा त्यांचं विमान होतं. मी शिडीवरून उतरलो आणि मदतनिसाला सांगितलं, पिशवी खाली ठेव.

"वहिनी, हा फिल्टर मी कधी काढलाच नव्हता," मी म्हणालो. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

त्यांनी पुढे येऊन पिशवीत वाकून बघितलं.

"हे कधीपासूनचं आहे?"

"तुमच्याही आधीपासूनचं असावं. नक्की नाही सांगता येणार."

त्या एका बांधलेल्या खोक्यावर बसल्या. रडल्या नाहीत. श्वास सांभाळत होत्या. बाजूला त्यांचा दम्याच्या औषधाचा फवारा पडला होता, तो त्यांनी उचलून नुसता हातात धरला. मग म्हणाल्या,

"मी पडदे धुतले. गालिचा देऊन टाकला. उदबत्ती बंद केली. मुलीला जवळ घेऊन झोपायची बंद केली, तिला माझ्या खोकल्यानं जाग येते म्हणून. आणि तुम्हाला मी विचारलं होतं."

शेवटी त्या म्हणाल्या, तुमचं काम करा आणि जा. आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मी आणि मदतनिसानं तीन तास ते मशीन धुतलं. कॉइल, ट्रे, पाण्याची नळी, सगळं. बादल्यांवर बादल्या काळं पाणी निघालं. नवा फिल्टर घातला, तोच जो महिनाभर गाडीत पडून होता. त्या दिवशी चहा झाला नाही, आणि पाणी मागायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी साहेबांनी आमच्या कंपनीत फोन केला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझे सात कागद मांडलेले होते. तो म्हणाला की आता दोनच रस्ते आहेत. एक तर या सह्या खोट्या, म्हणजे तू खोटा. नाही तर भाडेकरूनं कपाट हलवायला नकार दिला आणि तू तरीही जमेल तेवढी सफाई केलीस. दुसरं त्यानं टाइप करून ठेवलं होतं. खाली सहीसाठी रेघ. बाई उद्या जातेयच, तो म्हणाला, तिचं काय बिघडणार आहे? मी विचार करायला एक दिवस मागितला. त्यानं दिला.

खोलीवर आलो. आमच्या खोलीत माझ्याच गावचा एक प्लंबर होता, पन्नाशीचा. त्याच्यामुळेच मी कुवेतला आलो होतो. त्याला मी सगळं सांगितलं. तो कांदा चिरत ऐकत होता. म्हणाला, "सही करून मोकळो हो. तू सही नाय केलंस म्हणान तिचो दमो जावचो नाय." मग म्हणाला की घराच्या छपराची कौलं अजून बदलून व्हायची आहेत, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात आहे, आणि खरं बोलायची वेळ सात महिन्यांमागेच निघून गेली. त्याचं म्हणणं मला खोडून काढता येईना. तो माझ्या भल्याचंच सांगत होता.

मी सही केली नाही. यात फार मोठं काही केलं असं मला वाटत नाही. आठवी खोटी सही करायला हात उचलला गेला नाही, इतकंच. त्या टाइप केलेल्या कागदाच्या मागे मी माझ्या इंग्रजीत लिहिलं की भाडेकरूंनी कपाट हलवू का असं स्वतः विचारलं होतं, मी नको म्हणालो, सात महिने फिल्टर साफ केला नाही. सुपरवायझरनं तो वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. त्याचं पुढे काय झालं मला कळलं नाही. साहेबांपर्यंत तो कधी पोहोचला नसावा. मला महिनाअखेरीपासून वाळवंटातल्या एका कामगारांच्या कॅम्पवर पाठवणार असल्याचं सांगण्यात आलं. तिथे खिडकीचे एसी होते आणि माझ्या कराराचं एक वर्ष उरलं होतं.

मधले जे आठ-नऊ दिवस मिळाले, त्यांत मी त्या बिल्डिंगमधली प्रत्येक जाळी उघडली. कुणी सांगितलं नव्हतं. मदतनीस रोज माझ्याबरोबर यायचा, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही थांबायचा. एका घरात मिसरी मास्तर होते, त्यांनी आम्ही एवढं सगळं खाली काढतोय म्हणून कटकट केली. दुसऱ्या मजल्यावर केरळची एक नर्स होती, तिच्या तान्ह्या मुलीच्या पाळण्यावरच डक्टचं तोंड होतं. त्या फ्लॅटचा फिल्टर वहिनींच्या फिल्टरपेक्षा बरा होता, पण फार नाही. तिच्या कागदांवरही माझ्या सह्या होत्या. मी तिला विचारलं, बाळाला सर्दी-खोकला असतो का. ती म्हणाली, असतो, पण लहान मुलांना असतोच ना. मी हो म्हणालो. तिला मी काही सांगितलं नाही. एकदा सांगून झालं म्हणजे दुसऱ्यांदा सोपं जातं असं नाही.

वहिनी आणि मुलगी ठरल्या दिवशी नाशिकला गेल्या. साहेब महिनाभरात तो फ्लॅट सोडून त्यांच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले, हे मला हारिसकडून कळलं.

करार संपल्यावर मी गावी आलो, लग्न केलं, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीतून पुन्हा कुवेतला गेलो. या वेळी मीच सुपरवायझर होतो, हाताखाली सहाजण. मी त्यांच्याकडून जुना फिल्टर परत आणल्याशिवाय नवा देत नसे. त्यांना वाटायचं मी हिशेबाचा कडक आहे. काहीजण कुठला तरी दुसराच जुना फिल्टर आणून दाखवायचे. मला ते कळायचं, कारण मी त्यांच्या जागी राहून आलो होतो. अशा वेळी मी त्यांच्याबरोबर त्या घरी परत जायचो. कामं मागे पडायची, माझ्या वरचा माणूस चिडायचा, आणि तरी एखाद्या घरी खोकल्याचा आवाज आला की मला तिथून लवकर निघता येत नसे.

साहेब मला त्या फ्लॅटच्या प्रकरणानंतर चार-पाच वर्षांनी भेटले. कुवेतमध्येच, एगैलाच्या एका मॉलमध्ये, दुपारी. ते ट्रॉली ढकलत होते, एकटेच. मी त्यांना आधी ओळखलं. तोंड चुकवून जाता आलं असतं, पण मी पुढे जाऊन नमस्कार केला आणि कोण ते सांगितलं. त्यांनी ट्रॉली बाजूला घेतली.

मी वहिनींची चौकशी केली. त्यांनी सांगितलं की ती नाशिकलाच आहे, आता बरी आहे, पण फवारा सुटला नाही. थंडीत त्रास होतो. एका शाळेत शिकवायला जायची, ते सोडलं. खडूची धूळ सहन होत नाही. मुलगी आठवीत गेली, आईजवळ असते, आता छान मराठी बोलते. ते स्वतः वर्षातून दोनदा जातात. हे सगळं त्यांनी बातमी सांगावी तसं, न रागावता सांगितलं.

मग म्हणाले की तिकडच्या डॉक्टरांना त्यांनी मुद्दाम विचारलं होतं, फिल्टरमुळे झालं का म्हणून. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. कदाचित होणारच होतं आणि तिथे लवकर झालं, कदाचित वेळेवर साफ झालं असतं तर कधीच झालं नसतं.

"म्हणजे तुम्हाला दोष द्यावा तर पुरावा नाही," ते म्हणाले, "आणि सोडून द्यावं तर तेही जमत नाही."

मी म्हणालो, मला तर दोन्हीतलं काहीच जमलेलं नाही. ते बोलून गेल्यावर मला वाटलं, त्यांच्यासमोर आपलं दुःख मांडायची ही जागा नव्हे. मी त्यांना विचारलं, वहिनींना माझा निरोप सांगाल का.

"नको," ते म्हणाले. "ती तुमच्यावर चिडलेली नाही. तुम्ही स्वतःहून सांगितलंत, हे ती मानते. पण त्या घराचा विषय निघाला की तिला दोन दिवस झोप लागत नाही."

त्यांनी माझ्याशी हात मिळवला. हात कोरडा होता आणि पकड सैल. मग ट्रॉली ढकलत ते बिलाच्या रांगेकडे गेले. मी जे घ्यायला आलो होतो ते न घेताच बाहेर पडलो. बाहेर ऊन होतं, आणि समोर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांवर धुळीचा सारखा थर. आपली गाडी कुठली ते मला पटकन ओळखता येईना.